मे महिन्यातली शेकोटी

तीन म्हनलं भाऊ, तीन — पन एकदम नको बनवू, पानी होईल त्यायचं, एक खाऊन झाला की दुसरा बनव, आन बर्फ हात राखून नको टाकू, दाबून भर, माझ्या तळहाताएवढा दे. लिंबाचा चालेल, कैरीचा चालेल, मले फक्त गार पाहिजे. हसू नको, नातवासाठी नाही घेत, तिन्ही माझ्याच पोटात जायचे आहेत. आन एक काम कर, ते समोर दवाखान्याचं काचेचं दार आहे ना, त्याच्यावर जरा लक्ष ठेव. तिथून कोनी पायजमा-टोपीवाला म्हातारा बाहेर आला, खांद्यावर लाल लोकरीची शाल, तर मले सांग. हो, शाल. लोकरीची. मे महिन्यात, जळगावात, भर दुपारी लोकरीची शाल घेऊन फिरनारा एकच मानूस आहे, चुकायचं काम नाही. ते आमचे हे. लीलाधर चौधरी म्हन रावेरकडं कोनालेही, केळीवाले लगेच सांगतील. आन शाल त्यायची नाही बरं, माझी आहे. माझ्यासाठी धरून बसले आहेत आत. मी म्हनलं, बांगड्या पाहून येते समोरच्या दुकानात, तुमी नंबर सोडू नका.

दे. — अगं माय. थांब, थांब जरा, बोलता नाही येऊ राह्यलं — दात शिवशिवले, कानामागं कळ गेली पार — अहाहा. कळ पन किती गोड असते, नाही? होळीच्या आधीपासून ह्या तोंडात गार म्हनून काही गेलं नाही बापा. फ्रिजचं पानी नाही, माठाचं नाही, ताक नाही, दही नाही. टरबूज आनायचे हे, आनत नव्हते असं नाही, पन कापून उन्हात ठेवायचे, चांगलं कोमट झालं की मंग एक फोड माझ्या हातात. कोमट टरबूज खाल्लं आहे का तू कधी? नको खाऊ. दुधानं तोंड पोळलं की मानूस ताक फुंकून पितो म्हनतात, आमचे हे ताक तापवून पाजतात.

तू म्हनशील म्हातारी दवाखान्यातून आली आन बर्फ खाऊ राह्यली — आजारी होती, आता नाही. पाह्य ना माझ्याकडं, आजारी मानूस असा रस्त्यावर उभा राहून चोखतो का? दीड वर्ष माझं काळीज वेडंवाकडं चाललं. धडधड म्हनजे आपन जिना चढलो की होते तशी नाही — पत्र्याच्या घरावर माकडं उतरतात ना, धाड, धाडधाड, मंग काहीच नाही, मंग एकदम सातआठ धाडधाड — तसं. त्याले ना ताल ना तंत्र. झोपेत तसंच, जेवताना तसंच, कधी थांबायचंच नाही. गच्चीवर पापड वाळत टाकायले निघाली की जिन्यातच बसायची, पापडाची पाटी एकीकडं आन मी एकीकडं. इथं, ह्याच दवाखान्यात गोळ्या झाल्या, मंग छातीले शॉक देऊन पाह्यला. शॉकनं आलं वळनावर. थोडे दिवस नव्या सुनेवानी खाली मान घालून चाललं, आन एका सकाळी चहा गाळता गाळता पुन्हा आली माकडं. डॉक्टर म्हनले, काकू, हे असंच राह्यलं तर आत रक्ताची गाठ धरते, ती मेंदूत गेली की लकवा. आपन गोठवून टाकू. मी म्हनलं, काय गोठवता? म्हने, काळीज.

सगळं नाही रे, तू कायले घाबरतो. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी घालतात ती थेट काळजात. नळीच्या टोकाले फुगा. फुफ्फुसाकडून ज्या शिरा काळजात येतात ना, त्यायच्या तोंडाशी तो वाकडा करंट उठतो म्हने, तिथं फुगा टेकवायचा, फुग्यात गार वायू सोडायचा, आन तेवढी कडा गोठवून टाकायची. गोठलेल्या जागेतून करंट पुढं जात नाही. झालं. म्हनजे पाह्य, माझ्या काळजात त्यायनं बर्फाचा गोळाच केला की रे — तुझाच धंदा, फक्त शिकून केलेला. दुसरा लाव आता, माझा संपत आला.

नाशिकले केलं हे. तिथले डॉक्टर तरुन, चांगले, चित्र काढून समजावू राह्यले, आन आमचे हे मान हलवू राह्यले, मले वाटलं कळू राह्यलं त्यायले. मंग ह्यायनं विचारलं, साहेब, गार म्हनजे किती गार? डॉक्टर म्हनले, उणे चाळीस, उणे पन्नास. हे खुर्चीतून उठलेच. म्हने, साहेब, आमची केळी तेरा डिग्रीच्या खाली गेली की कामातून जाते, आन तुमी माझ्या बायकोले उणे पन्नास? डॉक्टर हसले. त्यायले वाटलं काका गंमत करू राह्यले. गंमत नव्हती ती, मले माहीत होतं, मी ह्यायच्या कानाच्या पाळ्या पाह्यल्या, लाल झाल्या होत्या.

तू धुळ्याकडचा ना? 'आहे'ले 'शे' म्हनलं तू मघाशी, तवाच ओळखलं. दोंडाईचा? नाव काय — योगराज. छान नाव. तर तुमी मिरचीवाले, मिरचीले कसली आली थंडी, तुमाले केळीचं दुखनं नाही कळायचं, सांगते. केळीले थंडी लागली की आमी म्हनतो चरका लागला. आन चरका लगेच दिसत नाही, हेच तर त्याचं कपटीपन. घड वरून हिरवागार, भरलेला, पाहून वाटावं किती छान. पन सालीच्या आतून त्याच्यात तपकिरी रेघा उतरलेल्या असतात. पिकायले लावला की मंग कळतं — पिवळा होतच नाही, राखेसारखा होतो. आमच्या लग्नानंतर एका साली थंडीची लाट आली, पहाटे बागेत दवाचं पार मीठ झालं होतं, आन तरी आठ दिवसांनी घड पाह्यले तर काही नाही, साफ. ह्यायनं कापले, गाडी भरून दिल्लीकडं गेली, आन तिकडून निरोप आला, राख आली आहे. तवापासून ह्या मानसाचा वरून चांगलं दिसतं त्याच्यावर विश्वासच नाही. काही चांगलं दिसलं की म्हनतात, पिकू दे आधी.

मंग काय. डॉक्टरले विचारलं ह्यायनं, गोठवल्यावर पुन्हा शेकायचं का? डॉक्टर म्हनले, नाही हो काका, शरीर आपोआप गरम करतं ते. ह्यायनं त्यातलं गरम करायचं एवढंच गाठीले बांधलं.

मले विचारशील तर मजा आली. खरंच. ऑपरेशनच्या खोलीत इतकं गारेगार, मी म्हनलं मरायचं तर इथंच मरू, निदान घामाघूम होऊन नाही मरनार. गुंगीत होती मी अर्धी. मधीच उचक्या लागल्या — ते मुद्दाम लावतात, एक नस असते छातीत, ती जागी आहे ना हे पाहन्यासाठी — मी म्हनलं कोन आठवन काढू राह्यलं बापा माझी, तर ती नर्स म्हने, कोन काढनार, तुमचे मिस्टर बाहेर येरझाऱ्या घालू राह्यले. लाजली मी. ह्या वयात, पायात नळी घातलेली, आन लाजली. आन मंग पाय सरळ ठेवून पडून राह्यली, कान देऊन ऐकलं, तर माकडं नाहीत. एकही नाही. ठिबकच्या नळीतून पानी पडतं ना बागेत, टप, टप, टप — तसं. इतकं साधं. मी कितीतरी वेळ नुसती ऐकत पडली. कोनी गानं लावलं असतं तर मी म्हनलं असतं बंद करा, मले माझं ऐकू द्या.

पन घरी आली आन पाहते तर मागच्या खोलीत शेगडी. थंडीच्या राती आमी बागेच्या कडेकडेनं काडीकचरा पेटवतो, धूर धरला की बागेत ऊब राहते. ती बागेतली शेकोटी ह्यायनं घरात आनली. खिडक्या उघड्या ठेवायचे तेवढी अक्कल शाबूत. मार्च झाला, एप्रिल झाला, मे आला, पंचेचाळीस झालं, गल्लीतली कुत्री गटारीत जाऊन बसू राह्यली, आन मी गोधडी घेऊन शेगडीपाशी. कूलरले पोतं शिवलं. पंखा दोन नंबरच्या पुढं नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, पंधरा दिवस कढत खाऊ नका, अन्ननळी काळजाच्या पाठीमागंच असते, गार चालेल — ह्यायनं सगळं उलटं धरलं. कढत मात्र मी खाल्लं नाही हां, तिथं मी ऐकली नाही, भांडून निववून खाल्लं. बाकी सगळं ऐकलं. अखाजीले, अक्षय तृतीयेले, मोहिनी आली, आमची लेक, सुरतेले असते, ती आईसक्रीम घेऊन आली थर्माकोलच्या डब्यात, माझ्या आवडीचं, सीताफळाचं. ह्यायनं डबा उघडलाही नाही, तसाच उचलला आन गल्लीतल्या पोरायले वाटून टाकला. मोहिनी रागानं लाल. म्हने, बाबा, आई केळी आहे का? हे म्हनले, केळी असती तर एवढी काळजी नसती केली, केळी दुसरी लावता येते.

काय बोलशील ह्याच्यावर? सांग. तू बर्फ किस, तू नको बोलू.

हसली मी खूप तवा. मोहिनी पन हसली. सगळा गाव हसतो, बाया येऊन पाहून जातात शेगडी. पन आता हसायचं नाही राह्यलं, योगराज. दुसरा दे. — हं. हा कैरीचा का? झकास. — आता हसायचं नाही राह्यलं, कायले सांगू? कारन हा मानूस स्वतःपन तसाच राहतो. मले एकटीले कसं शेकायचं, म्हने, आपन दोघं. मी गार खायचं नाही तर हेही नाही, म्हने, तुझं झालं की मंग मी गार पिईन. मी कूलर नाही तर हेही नाही. वयानं माझ्यापेक्षा मोठे, दिवसभर बागेत, वर ऊन आन घरी आल्यावर शेगडी. मी म्हनलं, अहो, माझं काळीज गोठवलं, तुमचं नाही, तुमी कायले? निखारे सारखे करत बसतात. आन परवा दुपारी, अंगनात, बादली उचलायले वाकले ते उठलेच नाहीत. मी पाह्यलं तर तोंड लाल, अंग नुसता तवा, घाम नाही एक थेंब, आन डोळे माझ्याकडं पन मले ओळखत नाहीत. ऊन लागलं होतं. मी — मी बादलीच ओतली अंगावर, गार पान्याची, आन ओरडली, आन चार मानसं आली. डॉक्टरनं सलाईन लावलं, बर्फाच्या पिशव्या बगलेत. तो डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हने, मावशी, अजून एकदा असं झालं तर मी हमी नाही देनार. शुद्धीत आल्या आल्या काय म्हनले हे? म्हने, तू का भिजली? शाल घे.

तेच भिजले होते रे सगळे. माझा नुसता पदर ओला होता.

तर मले वाटलं, आज संपेल. ह्यायचंच म्हननं होतं, घड निसवला, म्हनजे झाडातून बाहेर पडला, की कापायले तीन महिने, तिचंही तीन महिने पाहायचं, आन तिकडं डॉक्टरही तीन महिनेच म्हनले होते — पहिले तीन महिने एखादवेळ हुकलं-चुकलं तरी ते धरायचं नाही, खरं काय ते नंतरच्या ईसीजीच्या पट्टीत. म्हनजे दोघायचं जमलं होतं, केळीचं आन डॉक्टरचं. आज ती पट्टी काढायची आहे. मी सकाळपासून नव्या नवरीवानी, ही साडी नेसली पाह्य, कोरी आहे. आन गाडीत, भुसावळच्या अलीकडं, हे खिडकीतून पाहत पाहत म्हनतात कसे — थंडीतल्या घडाले तीन महिने कमीच पडतात, चार घेतो तो, कधी साडेचार, आपन पोळ्यापर्यंत थांबू. मी मनात म्हनलं, हे संपनार नाही. पोळ्याले म्हनतील दिवाळीपर्यंत. डॉक्टर सांगून थकले, मोहिनी भांडून थकली, ह्यायचं एकच, डॉक्टरनं केळी लावली आहे का कधी? माझं काळीज पिकायच्या आधी हा मानूस जाईल.

म्हनून हे तीन. आता कळलं? तीन गोळे पोटात घ्यायचे, वितळायच्या आत जाऊन त्या टेबलावर आडवं व्हायचं, चिमटे लावले की पट्टी निघेल, आन ती सरळ निघाली की डॉक्टरच्या समोर मी बोलनार — पाहा, बर्फ खाऊन आली आहे, कुठं आहे चरका, दाखवा. डॉक्टरच्या समोर हे ओरडायचे नाहीत. आहे की नाही डोकं? सातवी झालेली आहे मी.

पन आत रेघा निघाल्याच तर — नाही, काही नाही.

काही नाही म्हनलं ना. तू पन ना, पाहतोच आहे तोंडाकडं. बरं, ऐक, तू परका मानूस आहे, दोंडाईच्याचा, पुन्हा कायले भेटतो. ते मोहिनीनं आईसक्रीम आनलं होतं ना — डबा वाटला हे खरं, पन तिनं एक वाटी आधीच काढून लपवली होती माझ्यासाठी. न्हानीघरात नेऊन चमचा हातात दिला माझ्या. मी तोंडात घातलं. आन ती वळली तशी थुंकून टाकलं. सीताफळाचं. मी पन केळीवाल्याचीच लेक आहे बापा, ऐनपूरच्या केळीतच वाढली, राख झालेले घड मी माझ्या बापाच्या पन दारात पाह्यले आहेत. आन एकदा पहाटे शेगडी विझली. हे डुलकी लागून भिंतीशी टेकलेले. मले चांगली सुटका होती, गार वारा येऊ राह्यला होता खिडकीतून, आन मी काय केलं असेल? उठली आन फुंकली. मीच. गुडघ्यावर बसून, निखारा फुलेपर्यंत. त्यायची झोप मोडू नये म्हनून, असं मी स्वतःले सांगितलं. आन ते खोटं आहे. मले भीती वाटली. इतकं छान चाललं होतं आत, टप, टप — मले वाटलं, हे जर वरवरचंच असेल तर? वरून हिरवं आन आत रेघा? आन दुसरं पन एक आहे. ह्या मानसानं आख्ख्या संसारात माझ्यासाठी कधी पानी तापवलं नाही, कधी विचारलं नाही जेवली का, दिवस उगवला की बाग आन मावळला की बाग. आन आता बागेत जायची ती शेकोटी माझ्यापाशी आनून बसतो. घामानं निथळतो आन बसतो. मले ती शेगडी आवडायले लागली होती, योगराज. पंचेचाळीस डिग्रीत. वेडीच आहे मी. परवा ते अंगनात पडले नसते तर मी पोळ्यापर्यंत बसली असती, दिवाळीपर्यंत बसली असती.

तिसरा दे. दे ना, पाहत काय राह्यला. मोठा कर, सगळ्यात मोठा. घाबरली आहे का मी? हो, घाबरली आहे. दोन गेले आत आन मी बोलतच राह्यली ते कायले, तुझ्या लक्षात नाही आलं? बोलत राह्यलं की ऐकू येत नाही आतलं. आता हा घेते आन गप्प राहते जरा. तू पन तो रंधा थांबव.

...

थांब.

...

एक जोरात पडला. एक. असा धाडकन. — थांब, नको बोलू — टप. टप. टप. चाललं. चाललं रे. एखादा पडतो जोरात, तसा तुझाही पडत असेल, तुले काय माहीत, तू कधी ऐकत बसला आहे? टप. टप. — अगं बाई, तीन गोळे गेले आत, जीभ बधिर झाली, घसा बधिर झाला, आन ते आपलं चाललं आहे, त्याले पत्ताच नाही. काय हसू येऊ राह्यलं मले. धर ही काडी, मले खोकला लागेल हसून. उन्हातून जानारे लोक पाहतील म्हनतील ही कोनाची म्हातारी — पाहू दे. नवी साडी आहे, पाहू दे.

काय? कुठं?

आले. हो, तेच. पाह्य ना कसे उभे आहेत पायरीवर, उन्हातच, डोळ्यावर हात धरून. टोपी घाला म्हनलं होतं नीट, ती हातात, आन शाल खांद्यावर. बांगड्याच्या दुकानाकडं पाहू राह्यले. मी लपते तुझ्या गाडीमागं — नाही. नाही लपत. परवा पडले, आज पुन्हा उन्हात उभे, आन मी लपू कायले? आता पट्टी-बिट्टी राहू दे. अजून एक बनव. माझ्यासाठी नाही रे. लवकर बनव, रंगाचा टाक, दोन-तीन रंग टाक. अहो. अहो, इकडं. ह्या निंबाखाली. सावलीत या आधी.

हो, बर्फच आहे. चौथा नाही, तीन खाल्ले, हा योगराज साक्षीदार आहे. नाही, ओरडू नका, रस्ता आहे. नाही, शाल नको. शाल नको म्हनलं ना. ती त्या गाडीवर ठेवा. बांगड्या नाही घेतल्या, खोटं बोलली मी तुमच्याशी. आता काय करायचं ते करा.

पाह्यलं, योगराज? मनगटच धरलं. सगळ्या रावेरात घड नुसता हातात घेऊन सांगनारा मानूस आहे हा, किती भरला, कधी कापायचा. धरा, धरा. दाबून धरा. तिन्ही गोळे आतच आहेत अजून. घाई नाही मले.

...

सांगा ना.

...

अहो, असं नाही करायचं. टोपी घाला डोक्यावर. लोक पाहू राह्यले. — बरं, पाहू दे. डोळे पुसू नका, राहू द्या. इकडं पाहा माझ्याकडं. तुझं झालं की मंग मी गार पिईन, म्हनले होते ना तुमी? झालं माझं. तुमच्याच हातानं पाह्यलं, आता पोळा नाही आन दिवाळी नाही. ऊन किती आहे. ओठ फाटले तुमचे. उघडा तोंड.

ए योगराज, तू तिकडं पाह्य जरा. त्या दवाखान्याकडं पाह्य.